तळटीप : शब्दप्रमाण

* शब्दप्रमाण : विश्वासू माणसाचे सांगणे, ज्ञानाचे साधन म्हणून. चार्वाक ते नाकारतात. वैशेषिक आणि बौद्ध त्याची गणना अनुमानात करतात. न्यायदर्शन त्याला स्वतंत्र स्थान देते. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या भाष्याचे खरे मोठेपण पुढे आहे : सांगणाऱ्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी, ती तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी; ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना हीच कसोटी. नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या वनहक्क दाव्यांत, कुणाचे सांगणे पुरावा मानावे का, हा वाद आजही जिवंत आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियम १३ गावच्या वडीलधाऱ्यांचे (दावेदार सोडून) लेखी नोंदवलेले कथन पुरावा मानतो, पण एकाहून अधिक पुरावे पाहायला सांगतो. एकट्या साक्षीवरचा हा संशय रास्तच. उपग्रहचित्र मात्र २०१२च्या दुरुस्तीनुसार पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांना पर्याय नव्हे. कायद्याने ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेपूर्वी दाव्यातली जमीन कोण कसत होते, हे शेजारच्या म्हातारीने पाहिलेले असते.