बेरीज की वजाबाकी? घडवलेल्या नादाची गोष्ट

तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपल्याला गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. तो त्याच तारेचा पाचवा उपस्वर. 1863 साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या ग्रंथात मांडलं, की नादाचा पोत ठरतो तो अशा उपस्वरांच्या कमी-अधिक प्रमाणावर.

मग नवा नाद घडवायचा कसा? पहिला मार्ग बेरजेचा. साधी साइन लहर घ्यायची, जिच्यात उपस्वरच नाहीत, आणि एकेक उपस्वर तिच्यावर चढवत जायचं. अमेरिकेत थॅडियस केहिल यांनी हेच केलं. पण एकेका कंप्रतेसाठी जनित्र फिरवायचं म्हणजे काय, बघा: 1906मध्ये न्यूयॉर्कला बसवलेल्या त्यांच्या टेलहार्मोनियमचं वजन सुमारे 200 टन! तो व्यवसाय बुडाला.

दुसरा मार्ग वजाबाकीचा. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत सगळे उपस्वर आयतेच असतात; चौकोनी लहरीत फक्त विषम, म्हणजे तिसरा, पाचवा, सातवा. फिल्टर लावून नको ते गाळायचं, बस. 1964पासून रॉबर्ट मूग यांनी याच पद्धतीची यंत्रं बनवली. तोवर ट्रान्झिस्टर स्वस्त झाले होते, त्यामुळे यंत्र खोलीच्या कोपऱ्यात मावू लागलं. 1969मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आलं.

म्हणजे बेरजेचं गणित चुकलं नव्हतं, ते परवडत नव्हतं. पुढे संगणक स्वस्त झाले, तेव्हा बेरीजही परत आली.