आझमतारा आणि इस्लामपूर

काळात मागे जाऊन घडलेले बदलता आले तर? जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या दुनियेत पोहोचतात. पण अखेर त्यांना आपल्या दुनियेत परतावे लागते. ती झाली कल्पना. सातारा-सांगलीत नावे बदलून असा प्रवास खरोखरच झाला आहे.

एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि शहजाद्याच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटले. काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला, तो आज अजिंक्यतारा. आझमतारा पुसला म्हणून साताऱ्यातला कुणी मुसलमान हळहळल्याचे निदान माझ्या ऐकण्यात नाही. का हळहळावे? ते विजेत्याने ठोकलेले नाव. त्याच्या सावलीत कुणाचा संसार झाला नव्हता.

इस्लामपूरचे तसे नाही. १८ जुलै २०२५ रोजी विधानसभेत ईश्वरपूर या नावाचा निर्णय जाहीर झाला. मागणी जुनीच होती. पण नगरपालिकेच्या नावात उरण आणि इस्लामपूर शेजारी-शेजारी नांदले. 'इस्लामपूरला जाऊन येतो' असे म्हणणाऱ्या वाळव्याच्या शेतकऱ्याच्या मनात धर्म नसे, बाजार असे. याच नावावर सोयरिकी झाल्या, निकाहनामे लिहिले गेले.

आझमतारा पुसताना फक्त बादशहाचा मान गेला. इथे मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा रकाना आहे. थोरल्याच्या दाखल्यावर इस्लामपूर, धाकटीच्या दाखल्यावर ईश्वरपूर. घर एकच, मोहल्लाही तोच. दादी मात्र विचारते, "मग माझं माहेर कुठलं रे?"