यावत्तावत् ते क्ष

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’तील (११५०) ‘बीजगणित’ या भागात पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ हे नाव आहे. पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. गणित मांडताना फक्त आद्याक्षरे उरतात: या, का, नी, पी. वर्गासाठी ‘व’, ज्ञात संख्येसाठी ‘रू’ आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक येतात:

याव १ या ६ रू ०
याव ० या ० रू ५५

आज हेच ‘क्षचा वर्ग अधिक ६क्ष बरोबर ५५’ असे लिहिले जाईल; धन उत्तर ५. नसलेल्या पदाच्या जागीही शून्य असल्याने सारखी पदे एका उभ्या ओळीत येतात आणि बरोबरच्या चिन्हावाचून काही अडत नाही. या लेखनाला प्राथमिक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. दोन अज्ञातांच्या गुणाकाराची, म्हणजे ‘भाविता’ची, समीकरणे तर भास्कराचार्यांनी आयताच्या क्षेत्रफळावरूनही सिद्ध केली आहेत. बीज आणि क्षेत्र यांची सांगड होतीच. नव्हती ती एक कल्पना: राशी बदलत जाते तसा बिंदू सरकतो आणि समीकरणाची वक्ररेषा होते. ती देकार्तच्या १६३७ मधील ‘ला जॉमेत्री’तून आणि फर्माच्या लेखनातून आली.

मुंबईत या दोन्ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समोरासमोर आल्या. परळच्या गव्हर्नमेंट हाउसात १८०४ मध्ये लिटररी सोसायटी स्थापन झाली. तिचे सदस्य आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतील जॉन टेलर यांनी केलेले भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईतच छापले गेले. दुसरीकडे जॉर्ज जर्विस यांनी शास्त्र्यांच्या मदतीने युरोपीय गणिताची पाठ्यपुस्तके मराठीत आणली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवत, त्यांनी ‘शून्यलब्धिगणित’ लिहून कलनशास्त्र मराठीत आणले. वक्राच्या स्पर्शिकेचा हा विषय निर्देशकांवाचून, म्हणजे बिंदूची जागा सांगणाऱ्या संख्यांवाचून, नीट उलगडत नाही. पुढे दादाभाई नौरोजी तिथेच गणिताचे पहिले भारतीय प्राध्यापक झाले. मुंबईचेच डॉ. भाऊ दाजी यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

मराठी शाळांनी देकार्तची रीत घेतली, अक्षरे मात्र नागरी ठेवली. ज्ञात राशी अ, ब, क; अज्ञात क्ष, य, झ. आलेखाच्या कागदावर क्ष-अक्ष आडवा, य-अक्ष उभा; (३, २) म्हणजे उजवीकडे तीन घरे, वर दोन. गिरगाव-दादरच्या मुलांच्या कित्येक पिढ्या याच अक्षरांत समीकरणे सोडवायला शिकल्या. पुढे मराठी पुस्तकांतही रोमन अक्षरे आली. उच्च शिक्षणात ती सोयीची आहेत हे खरे, पण नागरी अक्षरांमुळे गणित कुठे अडले होते असे नाही.

समीकरणांतून आकृत्यांचा अभ्यास करणाऱ्या या विद्येचे आधुनिक रूप म्हणजे बैजिक भूमिती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांचा या क्षेत्रातील सिद्धांत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये संस्थेत बैजिक भूमितीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यात अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांनी मांडलेल्या ‘प्रमाण अटकळी’ अजूनही पूर्णपणे सिद्ध झालेल्या नाहीत.