भयसंगीत

भयसंगीत म्हणजे श्रोत्याच्या मनात भीती, गूढता किंवा अनामिक अस्वस्थता निर्माण करण्याच्या हेतूने रचलेले अथवा योजलेले संगीत होय. पाश्चात्त्य देशांत हॅलोविनच्या सुमारास असे संगीत आवर्जून ऐकले जाते. भारतात ते मुख्यतः चित्रपट, नाटक आणि दूरचित्रवाणी यांच्या आश्रयाने वाढले. मुंबईत घडलेल्या हिंदी चित्रपटांनी आणि पुढे मराठी चित्रपटांनी त्याला स्वतःचे वळण दिले. कर्कश वा बेसूर ध्वनींपेक्षा दुरून ऐकू येणारा, गाणारी व्यक्ती न दिसणारा गोड स्वर हे या वळणाचे प्रमुख लक्षण मानता येते.

रसविचार

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक रस असून भय हा त्याचा स्थायिभाव आहे. या रसाचा वर्ण काळा आणि देवता काल सांगितली आहे. भयाची कारणे सांगताना विकृत आवाज, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे, ओसाड घर आणि अरण्य यांचा उल्लेख येतो. म्हणजेच भय हे डोळ्यांइतकेच कानांनीही जाणवते, याची नोंद या ग्रंथाने घेतली आहे. स्वर आणि रस यांची सांगड घालताना भरतांनी बीभत्स आणि भयानक या रसांसाठी धैवत हा स्वर सांगितला आहे.

आजच्या हिंदुस्थानी रागसंगीतात केवळ भयासाठी राखून ठेवलेला राग नाही. मध्यरात्री मालकंस गायल्यास भुतेखेते आकर्षित होतात, अशी एक समजूत गायकवर्गात पूर्वापार सांगितली जाते. तथापि हाच राग मैफलींत गंभीर आणि शांत प्रकृतीचा राग म्हणून नित्य गायला जातो. मारवा, पूरिया, श्री या संधिप्रकाशकालीन रागांतील कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम यांमुळे हुरहूर किंवा अस्थिरता जाणवते. चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात अशा स्वरसंगतींचा उपयोग होतो.

पाश्चात्त्य परंपरा

पाश्चात्त्य संगीतात भयाचा संबंध एका विशिष्ट स्वरांतराशी जोडला जातो. आपल्या परिभाषेत ते षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर होय. फ्रेंच संगीतकार कामीय सां-साँस यांच्या १८७४ मधील 'दांस माकाब्र' या रचनेत मृत्यू मध्यरात्री व्हायोलिन वाजवून प्रेतांना नाचवतो, अशी कल्पना आहे. त्यासाठी एकल व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्धस्वराने उतरवली जाते आणि हे स्वरांतर आरंभीच ऐकू येते. हाडांचा खडखडाट दाखवण्यासाठी झायलोफोनचा वापर केला आहे.

मात्र तीव्र मध्यम हा स्वर यमन रागाचा प्राण आहे आणि यमन ऐकून कोणी भयभीत होत नाही. एकच स्वरांतर एका परंपरेत भयसूचक, तर दुसरीत प्रसन्न ठरते. यावरून भय एकट्या स्वरात नसून स्वराच्या संदर्भात, म्हणजे तो कोठून, केव्हा आणि कोणाकडून ऐकू येतो यात असते, हे लक्षात येते.

विसाव्या शतकात चित्रपटांनी या संगीताला नवे रूप दिले. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) या चित्रपटासाठी बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली. स्नानगृहातील हत्येचे दृश्य संगीताविना ठेवण्याचा हिचकॉक यांचा मूळ विचार होता. हरमन यांनी रचलेले संगीत ऐकल्यावर त्यांनी तो बदलला. जॉन कार्पेंटर दिग्दर्शित 'हॅलोविन' (१९७८) या चित्रपटाचे पाच मात्रांच्या आवर्तनातील संगीत स्वतः कार्पेंटर यांचेच आहे. पाच मात्रांमुळे ठेक्याला अपेक्षित विसावा मिळत नाही आणि श्रोता अस्वस्थ राहतो.

हॅलोविन ३१ ऑक्टोबर रोजी येते. महाराष्ट्रात याच सुमारास शरद ऋतू आणि दिवाळीचे दिवस असतात. पितरांचे स्मरण त्यापूर्वीच, भाद्रपदातील पितृपक्षात आणि सर्वपित्री अमावास्येला झालेले असते. पण त्या दिवसांशी भयसंगीत जोडलेले नाही. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून पायाखाली कारीट फोडतात. या ऋतूची मराठी सांगीतिक ओळख म्हणजे 'दिवाळी पहाट' या नावाने होणाऱ्या मैफली. त्यामुळे मराठी भयसंगीताला ठरावीक ऋतू नाही. कथांमधून त्याची वेळ मात्र पक्की झालेली आहे, ती म्हणजे रात्र, आणि त्यातही अमावास्येची.

'महल' आणि अदृश्य गायिका

भारतीय भयसंगीताचा ठसा उमटवणारा चित्रपट म्हणून बॉम्बे टॉकीजच्या 'महल' (१९४९) याचे नाव घेतले जाते. कमाल अमरोही यांनी तो दिग्दर्शित केला. अशोक कुमार आणि मधुबाला यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. संगीत खेमचंद प्रकाश यांचे होते. जुन्या वाड्यात राहायला आलेल्या नायकाला रात्री एका स्त्रीचे गाणे ऐकू येते आणि तो त्या स्वरामागे जाऊ लागतो. 'आयेगा आनेवाला' हे ते गीत नक्षब यांनी लिहिले आणि लता मंगेशकर यांनी गायले.

या गीताची रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. आरंभीच्या ओळी तालाविना, संथ लयीत येतात. त्यांतून कोणीतरी दूर असल्याचा भास होतो आणि त्यानंतर ठेका सुरू होतो. स्वर दुरून जवळ येत असल्याचा परिणाम साधण्यासाठी लता मंगेशकर ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत आल्या, अशी आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. आजच्यासारखी ध्वनिमिश्रणाची साधने तेव्हा नव्हती. अंतराचा भास प्रत्यक्ष अंतरानेच निर्माण करावा लागे.

या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव नव्हते. त्या काळच्या प्रथेप्रमाणे तेथे पडद्यावरील पात्राचे, म्हणजे 'कामिनी' हे नाव छापले होते. गीत लोकप्रिय झाल्यावर ही गायिका कोण, अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रे आकाशवाणीकडे येऊ लागली आणि त्यानंतर खरे नाव प्रसारित करण्यात आले. चित्रपटातील नायक ज्याप्रमाणे न दिसणाऱ्या गायिकेचा शोध घेतो, त्याचप्रमाणे श्रोतेही तिचा शोध घेत होते. पार्श्वगायकांना श्रेय मिळण्याच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते. त्या वेळी लता मंगेशकर वीस वर्षांच्या होत्या. खेमचंद प्रकाश यांचे १९५० मध्ये निधन झाले.

गाणारे भूत : १९५८ ते १९६५

'महल'चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते. त्यांनीच पुढे 'मधुमती' (१९५८) हा पुनर्जन्माच्या कथेवरील चित्रपट दिग्दर्शित केला. सलील चौधरी यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटातही नायक डोंगरात ऐकू येणाऱ्या स्वराचा माग घेतो. त्यातील 'आजा रे परदेसी' या गीतासाठी लता मंगेशकर यांना १९५९ मध्ये सर्वोत्कृष्ट पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार त्याच वर्षी प्रथम देण्यात आला. दहा वर्षांपूर्वी जो स्वर निनावी होता, त्याच प्रकारच्या गीताने पार्श्वगायनाला पुरस्काराचा मान मिळाला.

'बीस साल बाद' (१९६२) या चित्रपटाचे दिग्दर्शन बीरेन नाग यांनी केले. त्याचे निर्माते आणि संगीतकार हेमंत कुमार होते. त्यातील गूढगीतासाठीही लता मंगेशकर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. राज खोसला यांच्या 'वो कौन थी?' (१९६४) या चित्रपटाला मदन मोहन यांचे संगीत आहे. त्यातील 'नैना बरसे' हे गीत चित्रीकरणाच्या वेळी लता मंगेशकर यांच्या आवाजात तयार नव्हते. त्यामुळे मदन मोहन यांनी स्वतःच्या आवाजात ते मुद्रित केले आणि सिमल्यातील चित्रीकरणात अभिनेत्री साधना यांनी त्या पुरुषी आवाजावर ओठ हलवले. राजा नवाथे दिग्दर्शित 'गुमनाम' (१९६५) या चित्रपटाचे संगीत शंकर-जयकिशन यांचे होते.

या चित्रपटांतील गीतांचे कथेतील कार्य समान आहे. पांढरी साडी, धुके, विझत आलेला दिवा आणि दुरून येणारे गीत या खुणांवरून प्रेक्षक समोरच्या स्त्रीला भूत समजतो. 'मधुमती'चा अपवाद वगळता या कथांचा शेवट बहुधा मानवी कारस्थानाच्या उलगड्याने होतो आणि भूत खोटे ठरते. त्यामुळे भूत असल्याचा सर्वांत मोठा पुरावा असलेले गीत हे प्रत्यक्षात रचलेले सोंग असते.

रामसे बंधू

१९७० नंतर हिंदी भयपटाचे स्वरूप पालटले. हा बदल मुख्यतः रामसे कुटुंबाने घडवला. कुटुंबप्रमुख एफ. यू. रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर हे सिंधी कुटुंब मुंबईत आले. याच फाळणीत निर्वासित झालेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळील लष्करी छावणीत आश्रय मिळाला आणि त्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. रामसे यांच्या सात पुत्रांनी लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, संकलन अशी कामे वाटून घेतली होती. त्यांपैकी किरण रामसे ध्वनीची बाजू सांभाळत.

'दो गज जमीन के नीचे' (१९७२), 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट होत. या चित्रपटांत दुरून येणाऱ्या गोड गीताची जागा करकरणारे दरवाजे, वाऱ्याचा घोंघावणारा आवाज, किंकाळी आणि शांततेनंतर एकाएकी होणारा मोठा आघात यांनी घेतली. अल्प खर्चात परिणाम साधण्याचे ध्वनी हे स्वस्त साधन होते. 'झी हॉरर शो' (१९९३) या मालिकेमुळे हा ध्वनिसंच दूरचित्रवाणीद्वारे घराघरांत पोहोचला.

मराठी चित्रपट आणि दूरचित्रवाणी

मराठीत भयकथेची परंपरा नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या लेखनाने दृढ झाली. चित्रपटात तिचा सांगीतिक ठसा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटाने उमटवला. वसंत जोगळेकर दिग्दर्शित या चित्रपटाचे संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे होते. सुधीर मोघे यांनी लिहिलेले 'रात्रीस खेळ चाले' हे गीत महेंद्र कपूर यांनी गायले आहे. येथे गूढगीत स्त्रीच्या नव्हे, तर पुरुषाच्या आवाजात आहे. हा हिंदीतील प्रथेहून लक्षणीय फरक होय.

महेश कोठारे यांनी 'झपाटलेला' (१९९३) आणि 'पछाडलेला' (२००४) या चित्रपटांत भय आणि विनोद यांची सांगड घातली. 'झपाटलेला'मधील तात्या विंचू या बाहुल्याला रामदास पाध्ये यांनी रूप दिले. विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (२०१७) हा उसाच्या फडात घडणारा भयपट असून त्यावरून 'छोरी' (२०२१) हा हिंदी चित्रपट तयार झाला. झी मराठी वाहिनीवर २०१६ मध्ये सुरू झालेल्या कोकणातील कथेवरील मालिकेचे नाव 'रात्रीस खेळ चाले' असे आहे. चाळीस वर्षांनंतरही हे शब्द प्रेक्षकांच्या ओळखीचे होते, हे यावरून दिसते.

गीताविना भय

राम गोपाल वर्मा यांच्या 'भूत' (२००३) या चित्रपटात एकही गीत नाही. मुंबईतील बहुमजली इमारतीतील सदनिकेत घडणाऱ्या या कथेला सलीम-सुलेमान यांचे पार्श्वसंगीत आहे. उद्वाहन, रिकामा जिना, दाराची घंटा असे शहरी जीवनातील रोजचे आवाज अशा चित्रपटांत भयाचे वाहक होतात.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट महाराष्ट्राच्या पार्श्वभूमीवर घडतो. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले आहे. पार्श्वसंगीत डेन्मार्कचे संगीतकार येस्पर किड यांनी रचले असून शीर्षकगीत अजय-अतुल यांचे आहे. अखंड पडणारा पाऊस हा या चित्रपटाचा मूळ स्वर आहे. साखळदंडाने बांधलेल्या आजीला हस्तर येईल असा धाक घालून झोपवले जाते. अंगाईच्या वेळी उच्चारायचे शब्द येथे भयाचे होतात. मोठ्या आवाजापेक्षा ओळखीच्या आवाजाचा बदललेला अर्थ अधिक भीतिदायक ठरतो, याचे हे उदाहरण होय.

लोकसंगीत आणि गैरसमज

भयपटांत संबळ, डफ, घंटानाद आणि मंत्रोच्चार यांचा सर्रास वापर होतो. त्यामुळे ही वाद्ये आणि विधी मुळातच भयकारी आहेत, असा समज नव्या प्रेक्षकांत निर्माण होऊ शकतो. वास्तवात गोंधळ हा विवाहासारख्या मंगलकार्यानंतर कुलदेवतेप्रीत्यर्थ घातला जाणारा विधी आहे. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी यांच्या साथीने गोंधळी देवीची स्तुती आणि कथा सादर करतात. तो रात्री होतो. मात्र ती रात्र जागरणाची आणि आनंदाची असते. पालघर आणि नाशिक भागांतील आदिवासी गावांचा बोहाडा हाही रात्रीचा उत्सव असून त्यात देव-दानवांचे मुखवटे घालून वाद्यांच्या तालावर सोंगे नाचवली जातात. मुखवटे आणि रात्र या बाबी हॅलोविनसारख्या भासल्या, तरी बोहाड्याचा उद्देश देवतेची उपासना हा आहे.

सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात संकासुर काळ्या वेशात येतो. त्याचे रूप उग्र असले, तरी तो बोलू लागताच प्रेक्षक हसतात. या परंपरांत भय दाखवून ते नाहीसे करणे हा खेळाचा भाग असतो, तर चित्रपटांत बहुधा त्यांचा केवळ ध्वनी उचलला जातो. म्हणून भयसंगीताचा अभ्यास करताना वाद्य, विधी आणि चित्रपटाने त्यांना दिलेला अर्थ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते.