हजेरी, उचल आणि चिठ्ठी : सैन्यभरतीच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा

माणसांना चाकरीला, विशेषतः फौजेत, बोलावण्याचे इंग्रजीत जे शब्द आहेत त्यांतले बहुतेक फ्रेंचमधून आलेले आहेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याआधी राजाच्या हाकेला जमणाऱ्या लोकांच्या फौजेला तिथे ‘फिर्ड’ म्हणत. दरबार आणि न्यायालये फ्रेंच बोलू लागली, तसा तो शब्द मागे पडला. नव्या शब्दांची मुळे शोधताना तलवार फारशी सापडत नाही. वही, यादी आणि पैशाचा व्यवहार मात्र जागोजागी सापडतो.

मराठी कचेऱ्यांतले ‘मस्टर’ हे त्याचे चांगले उदाहरण. लॅटिनमध्ये ‘मॉन्स्त्रारे’ म्हणजे दाखवणे. त्याचे जुन्या फ्रेंचमधले रूप इंग्रजीत ‘मस्टर’ झाले. शिपाई, घोडे आणि हत्यारे तपासनिसापुढे प्रत्यक्ष उभी करणे, हा त्याचा अर्थ. अशी गणती लागे, कारण तुकडीचा पगार डोकी मोजून कप्तानाच्या हाती पडे. मेलेल्या आणि पळालेल्या शिपायांची नावे यादीत तशीच ठेवून त्यांचा पगार खिशात घालणारे कप्तान कमी नव्हते. गणतीच्या दिवशी ते भाड्याची माणसे रांगेत उभी करत. ब्रिटिश नौदलाने तर अठराव्या शतकात ही लबाडी सत्कारणी लावली : जहाजाच्या यादीत काही काल्पनिक खलाशी अधिकृतपणे दाखवायचे आणि त्यांचा पगार विधवांच्या निधीत जमा करायचा. या खलाशांना ‘विडोज मेन’ म्हणत.

कोर्टाचे ‘समन्स’ मस्टरच्याच भाऊबंदकीतले. लॅटिन ‘मोनेरे’ म्हणजे बजावणे, सावध करणे. त्याला ‘सब’ हा उपसर्ग लागून हळूच आठवण करून देणे असा अर्थ झाला. समन्स हाती पडलेल्याला त्यात हळुवार काही वाटत नाही, ती गोष्ट वेगळी. ‘मॉन्स्त्रारे’ही याच धातूकडे जाते, आणि मूळचा दैवी इशारा असलेला ‘मॉन्स्टर’सुद्धा.

सर्वांत फसवा शब्द ‘प्रेस’. ‘प्रेस-गँग’ म्हणजे माणसे पकडून जबरदस्तीने नौदलात नेणारी टोळी. साहजिकच हा शब्द दाबणे या अर्थाच्या ‘प्रेस’वरून आला असावा असे वाटते, पण तसे नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘प्रेस्त’ म्हणजे उसने दिलेले पैसे. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामाला बांधला जातो, तसा शिपाई हे ‘प्रेस्ट’ घेऊन राजाला बांधला जाई. सरकारी हिशेबातला ‘इम्प्रेस्ट’ म्हणजे आगाऊ रक्कम, तो हाच शब्द. पुढे पैसा नाममात्र उरला, बळजबरी वाढली आणि दाबण्याचा अर्थ वर चढून बसला.

या व्यवहारातली लाचखोरी शेक्सपिअरने सोळाव्या शतकाच्या शेवटी ‘चौथा हेन्री’च्या दोन्ही भागांत दाखवली आहे. पहिल्या भागात शिपाई भरती करणारा कप्तान फॉल्स्टाफ दीडशे शिपायांच्या बदल्यात तीनशेहून अधिक पौंड कमावतो. दुसऱ्या भागात भरतीसाठी निवडलेले मोल्डी आणि बुलकाफ हे दोघे सुटकेसाठी प्रत्येकी चाळीस शिलिंग, म्हणजे मिळून चार पौंड, फॉल्स्टाफचा नोकर बार्डॉल्फ याच्या हातावर ठेवतात. बार्डॉल्फ मालकाला तीनच पौंड मिळाल्याचे सांगतो. भरतीतली गळती इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी नोंदवली असेल.

प्रेस-गँगचा मुख्य रोख दर्यावर्दी माणसांवर असे. परतणारी व्यापारी जहाजे बंदराला लागण्याआधीच अडवून त्यांवरचे खलाशी उतरवून घेतले जात. अमेरिकन जहाजांवरची माणसेही अशी नेली गेली आणि १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाचे ते एक कारण ठरले. नेपोलियनबरोबरची युद्धे १८१५ मध्ये संपल्यावर ही पद्धत व्यवहारातून गेली. भूदलात भरती होणाऱ्याच्या हातावर राजाचा शिलिंग ठेवण्याची चाल मात्र १८७९ पर्यंत टिकली.

‘रिक्रूट’ला इतका इतिहास नाही. फ्रेंच ‘रक्र्यू’ म्हणजे नव्याने वाढलेले, छाटलेल्या झाडाला फुटावे तसे. घटलेल्या पलटणीत पडलेली भर. आपल्याकडच्या छावण्यांत याचाच ‘रंगरूट’ झाला. ‘लेव्ही’ म्हणजे उचलणे, गोळा करणे. माणसे आणि कर दोन्हींसाठी इंग्रजीत तो एकच शब्द आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला तो धान्याच्या आणि साखरेच्या लेव्हीमुळे ठाऊक आहे.

‘एन्लिस्ट’ म्हणजे यादीत घालणे, ‘एन्रोल’ म्हणजे गुंडाळीत घालणे, कारण चर्मपत्राच्या याद्या गुंडाळून ठेवत. ‘कन्स्क्रिप्शन’ म्हणजे एकत्र लिहिणे. रोमन काळापासूनच्या या शब्दाला आजचा सक्तीचा अर्थ फ्रान्सने दिला. ५ सप्टेंबर १७९८ च्या जूर्दां कायद्याने २० ते २५ वयाच्या सर्व तरुणांची नावे नोंदवहीत गेली. ब्रिटनने सक्तीची लष्करभरती जानेवारी १९१६ च्या कायद्याने आणली, पण कायद्याचे नाव ठेवले ‘मिलिटरी सर्व्हिस अ‍ॅक्ट’. कडू शब्द टाळण्याची सरकारी खोड जुनी आहे.

‘ड्राफ्ट’ मात्र अस्सल इंग्रजी, ओढणे या अर्थाच्या ‘ड्रॉ’ क्रियापदाच्या कुळातला. आधी मोठ्या दलातून काढलेली तुकडी आणि मग सक्तीने निवडलेली माणसे, असा त्याचा अर्थ सरकत गेला. अमेरिकेच्या १८६३ च्या कायद्यात ३०० डॉलर भरून सुटण्याची सोय होती. जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये नावांच्या चिठ्ठ्या निघू लागल्या आणि दंगल पेटली. व्हिएतनाम युद्धात, १ डिसेंबर १९६९ रोजी, काचेच्या बरणीतल्या निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्यांतून जन्मतारखा काढण्यात आल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. ही सक्ती १९७३ मध्ये बंद झाली.

मराठीत ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्चा मसुदा, नाहीतर बँकेचा डीडी. स्वतंत्र भारताने सक्तीची सैन्यभरती केलेलीच नाही, त्यामुळे त्याचा तिसरा अर्थ इथे रुजला नाही.