तळटीप : अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर टॉर्शन अ‍ॅक्सल

‘पक्का बसवावा’ म्हणजे वेल्डिंग करावे, असे येथे समजू नये. अ‍ॅक्सलची नळी पोलादी असते आणि नेहमीच्या आर्क वेल्डिंगने पोलाद अ‍ॅल्युमिनियमला जुळतच नाही. शिवाय त्या उष्णतेने नळीतले, स्प्रिंगचे काम करणारे रबर बिघडते. अ‍ॅल्युमिनियमचेच ब्रॅकेट वेल्ड केले तरी ६०६१-टी६ मिश्रधातूची ताणशक्ती ३१० मेगापास्कलवरून टाक्याशेजारी १६५ च्या आसपास उतरते. पाट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीत भार दोन टोकांना वाटला जातो. येथे मात्र गाझियाबाद-फरिदाबादच्या प्रत्येक गतिरोधकाचा दणका, चाक धरणाऱ्या आर्मच्या पिळासकट, वीतभर ब्रॅकेटमधून सांगाड्यात शिरतो. म्हणून लांब बैठकपट्टी आणि बोल्टच हवेत. भोकांनी तुळई दुबळी होते हा आक्षेप रास्त आहे, पण भोके उभ्या बाजूच्या मध्याजवळ पाडावीत. वाकण्याचा ताण तिथे सर्वांत कमी असतो.

दिल्लीकडे समुद्र नाही, रस्त्यांवर मीठ नाही, मग गंज कुठला, असेही विचारले जाते. दोन धातूंच्या फटीत पावसाळी चिखल ओला राहिला की तेवढे पुरते, आणि झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. मध्ये पातळ, कडक प्लास्टिकची पट्टी घालावी. जाड पट्टी दबत जाते आणि बोल्ट सैल पडतात.