क्लॉक स्प्रिंगचं कूळ

आष्ट्यातल्या गॅरेजात मिस्त्रींनी काही उघडण्याआधी स्टिअरिंगच्या मध्यावर तळहात दाबला. हॉर्न वाजला नाही. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा तर कालपासून पेटलेलाच. "दादा, हॉर्नबी गेलाय न् लाइटबी लागलीया. म्हंजी क्लॉक स्प्रिंगच गेलंय." स्कॅनरनेही ड्रायव्हरकडचं सर्किट तुटल्याचंच दाखवलं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून आम्ही थांबलो. अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी, म्हणून कंट्रोल युनिट थोडी वीज साठवून ठेवतं. ती उतरू द्यावी लागते. मग स्टिअरिंगखालून तळहाताएवढी काळी डबी निघाली, तीच क्लॉक स्प्रिंग. आत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी फीत, तिच्यात तांब्याच्या पट्ट्या. घडीपाशी ती तुटली होती. घड्याळाची कमान ताकद साठवते. ही फीत फक्त स्टिअरिंगबरोबर उलगडते आणि गुंडाळते.

हिचं कूळ एअरबॅगबरोबर अमेरिकेत सापडतं. 1952 साली जॉन हेट्रिक नावाचे गृहस्थ पत्नी आणि मुलीला घेऊन जात असताना दगड चुकवायला गेले आणि गाडी चरात उतरली. मुलीला वाचवायला दोघांचेही हात आपोआप पुढे झाले. हे काम गाडीतल्याच एखाद्या वस्तूने का करू नये? नौदलात असताना टॉर्पेडोमधली दाबाखालची हवा अचानक सुटून कापडी आवरण वर उडालेलं त्यांना आठवलं. 1953 मध्ये त्यांना हवेने फुगणाऱ्या पिशवीचं पेटंट मिळालं. पण दाबलेली हवा पुरेशा वेगाने पिशवी भरेना. ती सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात फुगायला हवी. म्हणून रसायन पेटवून वायू करायचं ठरलं. पेटवायला वीज आली, विजेला तार आली, आणि पिशवी बसली फिरत्या स्टिअरिंगमध्ये! पूर्वी हॉर्नला घासत फिरणारा कॉन्टॅक्ट पुरायचा. तो क्षणभर चुकला तर हॉर्न पुन्हा दाबता येतो. एअरबॅगला दुसरी संधी नसते. म्हणून ही अखंड फीत.

भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आणि ट्रॅक्टरच्या वायरिंगवर हात बसलेल्या आमच्या मिस्त्रींनी स्कॅनर घेतला.

नवी फीत त्यांनी एका टोकापर्यंत हलकेच फिरवली, मग फेरे मोजत मध्यावर आणली. चाकं सरळ, फीत मध्यावर, मगच स्टिअरिंग. दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे स्टिअरिंग उतरवलं तेव्हा एवढंच राहून गेलं होतं.

एअरबॅगच्या टोकांना मात्र त्यांनी ओहम मीटर लावला नाही. मीटरच्या विजेनेही ती उडू शकते. तपासणीपुरता तिच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावला आणि काम होताच काढला. काही ठिकाणी तो तसाच ठेवून गाडी परत देतात. दिवा विझतो, पिशवी मेलेलीच राहते. हा जिवाशी खेळ आहे. तेव्हा क्लॉक स्प्रिंग बदललं असं कुणी सांगितलं, तर जुनं हातात मागून घ्या.